ओलाव्याचा जमाखर्च

आषाढ सरत आला की कोल्हापुरात पावसाची झड लागते. पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर येते, गच्चीवरच्या दोऱ्या आठ-आठ दिवस रिकाम्या राहतात आणि घरातील दांड्या, खुर्च्यांच्या पाठी, जिन्याचे कठडे अशा प्रत्येक जागी ओले कपडे लोंबू लागतात. चातुर्मासाच्या या दिवसांत पहाटे पूजेस निघणाऱ्यास कोरडे धोतर-उपरणे हवे असते, पेढीवर जाणाऱ्यास सदरा हवा असतो, शाळकरी मुलांना गणवेश हवा असतो. घरात तान्हे मूल असेल तर दुपट्यांचा आणि लंगोटांचा ढीग दिवसातून दोनदा उभा राहतो. सर्द कपडे फार वेळ पडून राहिले की त्यांना कुबट वास लागतो, बुरशी धरते आणि ते पुन्हा धुवावे लागतात.

लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी असलेल्या एका एकत्र कुटुंबाने याच अडचणीवर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वी कपडे वाळवण्याचे यंत्र घेतले. पहिला पावसाळा सुखात गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र पाऊण तासात वाळणाऱ्या कपड्यांना दोन तास लागू लागले आणि एके दिवशी ड्रम फिरत असतानाही कपडे थंडगार व ओले निघाले. मेकॅनिक आला, त्याने आतील एक लहानसा फ्यूज बदलला आणि यंत्र पुन्हा तापू लागले. तीन आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी मेकॅनिकने वेगळा तोडगा सुचवला.

"शेठ, हा फ्यूज सारखा उडणार. तो काढून वायर डायरेक्ट करून देतो, पुन्हा तक्रार येणार नाही."

घरातील वडीलधारे अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पेढीवरचा राखणदार रात्री दोनदा ओरडला, तर त्याला कामावरून काढायचं, का चोर कुठून येतोय ते बघायचं? नवा फ्यूज घाला. चोर आम्ही शोधतो."

अण्णांना यंत्रशास्त्राचे ज्ञान नव्हते. परंतु पन्नास वर्षे रोजमेळ लिहिलेल्या माणसाची एक सवय त्यांच्याजवळ होती. रक्कम कमी भरली की ते कोणावर संशय घेत नसत. आधी जमा आणि खर्च या दोन्ही बाजू पुन्हा मोजत. ड्रायर नीट वाळवत नसेल तेव्हा प्रत्येक घराने हेच करावे. यंत्रात किती पाणी शिरले, ते उडवण्यास किती उष्णता मिळाली आणि उडालेली वाफ कोणत्या वाटेने बाहेर गेली, ही तीन खाती जुळली की दोष आपोआप सापडतो.

कोणता ड्रायर?

प्रथम एक घोळ दूर करावा. मराठी घरांत "ड्रायर" हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. दोन टबांच्या अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रातील दुसऱ्या टबास सर्रास ड्रायर म्हणतात. वस्तुतः तो कपडे वाळवत नाही, वेगाने फिरवून पिळतो. त्यात हीटर नसतो. त्यातून निघालेले कपडे दोरीवर घालावेच लागतात आणि हे ठाऊक नसल्यामुळेच कित्येक तक्रारी जन्मतात.

तरीही हा टब नेहमीपेक्षा ओले कपडे देऊ लागला तर त्याची कारणे मोजकी असतात. पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली किंवा फार उंचावर टेकवलेली असते. कपडे एका बाजूस गोळा होऊन टब हेलकावे खातो. ब्रेक अर्धवट अडकून टब जखडतो. अथवा मोटरीचा कपॅसिटर अशक्त होऊन ती पूर्ण वेग घेत नाही. पहिली दोन कारणे घरातच दूर करता येतात. उरलेली दोन तंत्रज्ञाकडे सोपवावीत, कारण यंत्राचा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहू शकते.

खरा ड्रायर तो, ज्यात हीटर, पंखा आणि फिरणारा ड्रम असतो. त्याचे तीन प्रकार सामान्यतः आढळतात. एक दमट हवा मोठ्या नळीने बाहेर सोडतो. दुसरा वाफेचे पुन्हा पाणी करून टाकीत साठवतो अथवा मोरीत सोडतो. तिसरा धुणे व वाळवणे ही दोन्ही कामे एकाच ड्रममध्ये करतो. लक्ष्मीपुरीतील घरी पहिल्या प्रकारचा होता.

तराजू काय सांगतो

मेकॅनिक गेल्यावर अण्णांनी पेढीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणवला. थोरल्या सूनबाईंनी कोरडे सुती कपडे मोजले. भरले चार किलो. तेच कपडे धुऊन, यंत्रात पिळून पुन्हा काट्यावर ठेवले. भरले सहा किलो चारशे ग्रॅम. म्हणजे ड्रायरच्या नावे दोन किलो चारशे ग्रॅम पाणी पडले.

हा आकडा योग्य होता. धुलाई यंत्र मिनिटाला १,००० फेऱ्यांनी पिळत असेल तर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरते. ८०० फेऱ्यांवर ते ७० टक्क्यांच्या आसपास असते, तर १,४०० फेऱ्यांवर ५० टक्क्यांपर्यंत खाली येते. चार किलोचे कपडे पिळल्यावर साडेसात-आठ किलो भरत असतील, तर दोष ड्रायरचा नसून पिळण्याचा आहे, हे निश्चित समजावे. अशा वेळी ड्रायर उघडून पाहणे व्यर्थ असते. धुलाई यंत्राची पाणी सोडणारी नळी आणि तिच्या मुखाशी असलेली गाळणी साफ करावी, कपडे दाटीवाटीने भरू नयेत आणि सुती कपड्यांसाठी पिळण्याचा वेग वाढवावा. फिरवून पाणी काढण्यास जी वीज लागते ती उष्णतेने पाणी उडवण्याच्या विजेपुढे अगदीच अल्प असते. म्हणून काटकसरीची पहिली जागा धुलाई यंत्रच होय.

त्यानंतर कपडे ड्रायरमध्ये घालून बरोबर एक तास यंत्र चालवले आणि ते पुन्हा मोजले. भरले पाच किलो सहाशे ग्रॅम. एका तासात केवळ आठशे ग्रॅम पाणी गेले होते.

हे थोडे की पुष्कळ, हे ठरवण्यास एक माप पुरेसे आहे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास, काहीही वाया न जाता, विजेचे सुमारे पाऊण युनिटच्या आतबाहेर लागते. यंत्र, कपडे आणि बाहेर पडणारी हवा काही उष्णता घेऊन जातातच; त्यामुळे प्रत्यक्षात हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरला एका लिटरमागे साधारण एक युनिट खर्चावे लागते. दोन हजार वॅटचा हीटर तासभर पूर्ण चालला तर सुमारे दोन लिटर पाणी जायला हवे. येथे गेले आठशे ग्रॅम. साठ टक्के काम कुठे तरी बुडाले होते.

"अण्णा, काचेला हात लावला तर चटका बसतो," सूनबाई म्हणाल्या. "यंत्र तापतंय तर खरं. मग पाणी का जात नाही?"

"तापणं आणि वाळणं एक नव्हे," अण्णा म्हणाले. "पाण्याला जायला वाट लागते."

वाफेची वाट

या एका वाक्यात ड्रायरच्या निम्म्याहून अधिक दुखण्यांचे निदान आहे. उष्णता पाण्याला कपड्यांतून उठवते. परंतु त्याला वाहून नेते ती हवा. तीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत अधिकात अधिक तीस ग्रॅम वाफ मावते. तीच हवा साठ अंशांपर्यंत तापवली की तिची धारणशक्ती १३० ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणूनच बाहेर धो-धो पाऊस असतानाही ड्रायर कपडे वाळवू शकतो. मात्र ही भरलेली हवा सतत बाहेर जाऊन तिच्या जागी नवी हवा येत राहिली पाहिजे. ती अडली की आतील हवा वाफेने तुडुंब भरते, कपडे कढत होतात आणि तरीही ओलेच राहतात.

वाट अडण्याची पहिली जागा म्हणजे दाराशी असलेली जाळी. सुती कपड्यांतून सुटणारी बारीक लव तिच्यावर जाड थर धरते. ही जाळी महिन्यातून एकदा झटकून भागत नाही; प्रत्येक घाण्यानंतर ती पुसावी लागते. कित्येकदा जाळी दिसायला स्वच्छ असते, पण कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा पारदर्शक पापुद्रा तिच्या छिद्रांवर बसलेला असतो. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. जाळी नळाखाली धरून तिच्यावर थोडे पाणी ओतावे. पाणी आरपार न जाता वर साचले, तर हवाही आरपार जात नाही असे समजावे. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने ती धुवावी आणि पूर्ण कोरडी करूनच पुन्हा बसवावी. जाळी फाटलेली असेल तर ती बदलेपर्यंत यंत्र चालवू नये, कारण फटीतून गेलेली लव थेट पंख्यावर व नळीत जाऊन बसते.

दुसरी जागा म्हणजे यंत्रामागची मोठी नळी. ती जितकी आखूड आणि सरळ, तितकी हवा मोकळी. प्रत्येक वळणावर हवेचा वेग मंदावतो आणि तेथेच लव साचते. घड्यांच्या लवचीक नळीत प्रत्येक घडी लव धरून ठेवते. नळी मध्येच लोंबत असेल तर पावसाळ्यातील गारव्याने तिच्यात वाफेचे पाणी होते, खोलगट भागात साचते आणि ओल्या लवेचा गोळा तयार होतो. भिंतीला खेटून ठेवलेल्या यंत्रामागे ती चेपलेलीही असू शकते.

तिसरी जागा म्हणजे ती खोली. पुष्कळ घरांत ड्रायर न्हाणीघरात ठेवतात आणि नळी तेथेच मोकळी सोडतात. सहा फूट लांब, सहा फूट रुंद व नऊ फूट उंच न्हाणीघरात सुमारे नऊ घनमीटर हवा असते. तीस अंशांवर ती सगळी मिळून २७० ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता आधीच ८० टक्के असेल तर शिल्लक जागा उरते जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅमची, आणि एका घाण्यातून यायचे असते दोन किलोंहून अधिक पाणी. दार-खिडकी बंद असेल तर यंत्र तीच दमट हवा पुन्हा आत ओढते. भिंतींना ओल येते आणि कपडे मात्र वाळत नाहीत. यास्तव नळीचे तोंड घराबाहेर असावे आणि यंत्राला नवी हवा मिळण्यासाठी खोलीचे दार किंचित उघडे असावे.

यांपैकी कोणती वाट अडली आहे, हे दहा मिनिटांत कळू शकते. यंत्र चालू असताना नळीच्या बाहेरील तोंडाशी कागदाची पट्टी धरावी. ती जोराने फडफडली पाहिजे. नुसती थरथरत असेल तर वाट तुंबली आहे. त्यानंतर यंत्र बंद करून नळी मागून सोडवावी, खिडकी पूर्ण उघडावी आणि एकदा, केवळ परीक्षेपुरते, नळीविना चालवून पाहावे. आता कपडे लवकर वाळले तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष नळीचा आहे.

लक्ष्मीपुरीतील घरी दुसऱ्या दिवशी तेवढेच कपडे, तेवढेच पिळून, नळी काढून तासभर चालवले. काट्याने साडेचार किलो दाखवले. आदल्या दिवशी आठशे ग्रॅम पाणी गेले होते. आज एक किलो नऊशे ग्रॅम गेले. चोर सापडला होता. नळी माळ्यावरून तीन वळणे घेत मागच्या खिडकीपर्यंत गेली होती आणि कबुतरे आत शिरू नयेत म्हणून कोणी तरी तिच्या तोंडाला डासांची बारीक जाळी बांधली होती. हेतू चांगला होता. पण दोन वर्षांच्या लवेने त्या जाळीचा जणू नमदा झाला होता. वळणांतूनही मूठ-मूठ लव निघाली.

पाखरांना अडवायचेच असेल तर वाऱ्याच्या झोताने उघडणारे आणि यंत्र थांबताच मिटणारे झाकण बसवावे. बारीक जाळी या जागी कधीही लावू नये. त्या घराने यंत्र खिडकीजवळ हलवले, बारा फुटांची नळी चार फुटांवर आणली आणि लवचीक प्लॅस्टिकऐवजी धातूची नळी बसवली.

फ्यूज का उडतो

आता फ्यूजचे कोडे उलगडते. हवा अडली की हीटरभोवतीची उष्णता तेथेच कोंडते. ठरावीक तापमान ओलांडताच थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थोडे निवल्यावर पुन्हा सुरू करतो. म्हणजे तासभर चालणाऱ्या यंत्रात हीटर प्रत्यक्षात निम्माच वेळ चालतो आणि वाळण्यास दुप्पट काळ लागतो. हे बरेच दिवस चालले की एखादे दिवशी तापमान आणखी वाढते आणि तापरक्षक फ्यूज वितळतो. काही यंत्रांत त्यामुळे केवळ हीटर बंद पडतो आणि ड्रम फिरत राहतो, तर काहींत सारे यंत्रच थांबते. हा फ्यूज एकदाच वापरायचा असतो. तो लहान असतो, पण घर आणि आग यांच्यामध्ये उभा असतो. तो "डायरेक्ट" करणे म्हणजे दुखणे कायम ठेवून केवळ सूचना बंद करणे होय, आणि भोवती कोरडी लव असते, जी ठिणगीने कापसासारखी पेट घेते.

ड्रायर घरोघरी असणाऱ्या अमेरिकेत तेथील अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांतील निवासी इमारतींतल्या आगींचा आढावा घेतला होता. ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत असल्याचे त्यात नोंदले आहे आणि त्यांमागील सर्वांत मोठे कारण सफाई न करणे हेच आढळले. म्हणून फ्यूज बदलताना मेकॅनिकला एक प्रश्न अवश्य विचारावा: तो उडाला कशाने? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

विजेचे खाते

वाट मोकळी असूनही कपडे कोमट आणि ओले निघत असतील तर उष्णतेचे खाते तपासावे. ड्रम फिरतो पण आत मुळीच ऊब नाही, तेव्हा प्रथम "थंड हवा" असा पर्याय चुकून निवडलेला नाही ना हे पाहावे. तो नसेल तर फ्यूज, थर्मोस्टॅट किंवा हीटरची तार तुटलेली असू शकते; ती मीटरने तपासणे तंत्रज्ञाचे काम आहे. मोटरीचा आवाज येतो पण ड्रम फिरत नाही, तेव्हा बहुधा पट्टा तुटलेला किंवा घसरलेला असतो.

एक कारण मात्र यंत्राबाहेरचे आणि हमखास दुर्लक्षित राहणारे आहे, ते म्हणजे व्होल्टेज. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर दोन हजार वॅट देणारा हीटर १९० व्होल्टवर साधारण १,३६५ वॅटच देतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उष्णता गेली. सायंकाळी सगळीकडचे दिवे आणि गिझर एकदम सुरू होतात, त्या वेळी कपडे वाळत नाहीत आणि दुपारी मात्र वाळतात, असा अनुभव असेल तर यंत्राला दोष देऊ नये. वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे.

दोन हजार वॅटचे यंत्र जवळजवळ नऊ अँपियर वीज ओढते. त्याला १६ अँपियरचा, स्वतंत्र वायरिंगचा आणि अर्थिंग असलेला प्लगच हवा. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर ते चालवल्यास बोर्ड तापतो, व्होल्टेज आणखी घसरते आणि ड्रायर नीट न चालण्याचे कारण भिंतीतच दडून राहते. प्लग हाताला गरम लागत असेल तर त्याच क्षणी वापर थांबवावा.

ओलावा ओळखणारी पट्टी आणि एकत्र यंत्रे

काही ड्रायर वेळेवर न चालता ओलाव्यावर चालतात. ड्रमच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यांतून अतिसूक्ष्म वीज जाते आणि यंत्रास कपडे अद्याप ओले असल्याचे कळते. या पट्ट्यांवर मऊ करणाऱ्या द्रावणाचा अथवा जड पाण्यातील क्षारांचा थर बसला की वीज जात नाही, यंत्राचा भ्रम होतो आणि ते मध्येच थांबते. यंत्र वेळेआधी थांबणे हीच या दोषाची खूण. थोडे पांढरे व्हिनेगर लावलेल्या कापडाने पट्ट्या पुसून कोरड्या कराव्यात. घाण्यात दोन-तीनच कपडे असतील तर ते पट्ट्यांना टेकत नाहीत. अशा वेळी मिनिटांचा पर्याय निवडावा.

कपड्यांची भरणीही महत्त्वाची. ड्रम निम्म्याहून थोडा अधिक भरावा, वर मोकळी जागा राहावी. जाड टॉवेल आणि पातळ सदरे एकत्र घातले तर सदरे वाळतात आणि टॉवेल सर्द राहतात. मोठी चादर इतर कपडे पोटात घेऊन गोळा होते. बाहेरून ती कोरडी आणि आत चिंब असते.

वाफेचे पाणी करणाऱ्या यंत्रात टाकी भरली की काम थांबते, म्हणून ती प्रत्येक वेळी रिकामी करावी. खालच्या बाजूस असलेल्या कन्डेन्सरच्या पातळ पात्यांत लव अडकते. माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ती वेळोवेळी काढावी. हीट पंपाची यंत्रे मुळातच कमी तापमानावर चालतात. त्यांना अधिक वेळ लागतो, तो दोष नव्हे.

धुणे-वाळवणे एकत्र करणाऱ्या यंत्रांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. धुण्याची क्षमता आठ किलो असली तरी वाळवण्याची पाच किलोच असू शकते; हे पेटीवर लिहिलेले असते, पण खरेदीच्या वेळी पाहिले जात नाही. आठ किलो धुऊन तसेच वाळवण्यास लावले तर कपडे ओलेच निघणार. दुसरी गोष्ट अशी की यांपैकी पुष्कळ यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी वाळवतानाही गार पाणी घेतात. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या इमारतीत, टाकी रिकामी असताना किंवा धुणे झाले म्हणून कोणी नळ बंद केला असता, वाफ निवत नाही आणि यंत्र तासन्‌तास फिरत राहते. हा दोष दुरुस्त करण्यास नळ उघडणे एवढेच पुरते.

तेलाची दुपटी

तान्ह्या बाळाच्या घरी एक खबरदारी अधिक घ्यावी. बाळाला तेल लावताना अंथरलेली दुपटी, अभ्यंगाचे पंचे आणि स्वयंपाकघरातील तेल पुसलेली फडकी ही साध्या धुण्याने पुरती तेलमुक्त होत नाहीत. करडई, सूर्यफूल, जवस यांसारखी तेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावताना स्वतःच उष्णता सोडतात. असे कापड ड्रायरमध्ये तापून, गरम असतानाच ढिगात दाबून ठेवले, तर ती उष्णता आत कोंडत जाऊन ढीग आपोआप पेटू शकतो. म्हणून तेलकट कपडे कढत पाण्यात भरपूर साबणाने धुवावेत आणि धुतल्यावरही तेलाचा वास येत असेल तर ते ड्रायरमध्ये न घालता दोरीवरच घालावेत. शेवटची काही मिनिटे यंत्र कपडे थंड करते. घाई करून तो टप्पा मध्येच थांबवू नये. घराला कुलूप लावून जाताना अथवा रात्री सर्वजण निजल्यावर ड्रायर चालू ठेवू नये.

नोंद

लक्ष्मीपुरीतील त्या घरी आता ड्रायरच्या वरच्या भिंतीवर एक लहान वही टांगलेली आहे. तिच्यात सूनबाईंनी चार ओळी लिहिल्या आहेत: जाळी प्रत्येक घाण्यानंतर, जाळीची पाण्याने परीक्षा महिन्यातून एकदा, पट्ट्या पुसणे महिन्यातून एकदा, नळी सोडवून साफ करणे वर्षातून दोनदा, त्यांपैकी एकदा पाऊस सुरू होण्यापूर्वी. खाली तारखा आणि वजने आहेत. वजनाचा आकडा बिघडू लागला की दोष बळावण्याआधीच कळतो.

ऊन पडले की कपडे आजही गच्चीवरच जातात. उन्हास वीज लागत नाही आणि जाळीही पुसावी लागत नाही. ड्रायर राखून ठेवला आहे तो झडीच्या दिवसांसाठी.

श्रावणाच्या अखेरीस तोच मेकॅनिक दुसऱ्या कामासाठी आला, तेव्हा त्याने सहज विचारले, "शेठ, फ्यूज पुन्हा उडाला का?"

अण्णांनी वहीकडे बोट दाखवले. नळी बदलल्यापासून फ्यूजच्या रकान्यात एकही नोंद नव्हती. मेकॅनिकने वही चाळली, आकडे पाहिले आणि जाताना आपल्या पिशवीतील डायरीत नळीची लांबी व वळणांची संख्या टिपून घेतली. आता कोणाच्याही घरी फ्यूज बदलण्यापूर्वी तो नळीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून पाहतो.